लाव्हाच्या बेटावर पाच दिवस, बॅग भाच्याकडे

लेस्टरला राहणारा माझा पुतण्या आणि त्याची बायको ला पाल्मा नावाच्या स्पॅनिश बेटावर चालायला गेले होते. फिरायला नव्हे, चालायला. व्हिडिओ कॉलवर त्याने समजावून सांगितलं: एक कंपनी नकाशा देते आणि चार पानं सूचना देते, 'पांढऱ्या घराशी डावीकडे वळा' अशा. सकाळी आपण निघायचं, बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जातात. गाइड नाही, घोळका नाही. बेट ज्वालामुखीचं. 2021 च्या सप्टेंबरात तिथला डोंगर फुटला तो 85 दिवस धुमसत होता, आणि ही दोघं तिथल्या काळ्या राखेवरून चालून आली. मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला. मी म्हटलं, "एवढे पैसे मोजून वर चालायचं आपणच?"

नणंद शेजारी मटार सोलत होती. म्हणाली, "वहिनी, मुंबई पण बेटच की. आणि काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे तूच शिकवायचीस ना?"

(ती मला तू म्हणते, मी तिला अहो-जाहो करते. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. सासूबाईंनी घालून दिलेली रीत, चाळीस वर्षांत कोणी मोडली नाही.)

बोलणं वर्मी लागलं. परळच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. 'दख्खनचे पठार अग्निजन्य खडकाचे बनले आहे' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही, आणि अंधेरीतली लाव्हाची टेकडी, गिल्बर्ट हिल, मात्र पाहिलेली नव्हती. अंधेरी म्हणजे परळच्या माणसाला परदेशच.

आम्ही दोघींनी मुंबईतच चालायला जानेवारीतले पाच दिवस ठरवले, शुक्रवार ते मंगळवार. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी सूचना लिहून काढल्या, पुतण्याच्या कंपनीसारख्या: 'देवळाशी डावीकडे', 'उसाच्या रसवाल्यापासून चढ'. पहिले दोन मुक्काम हिंदमाताजवळ माझ्या घरी, पुढचे बोरिवलीला नणंदेकडे. बॅगेचं काम तिच्या मुलाला दिलं. लोकलने ऑफिसला जातोच, येताना घेऊन यायची.

सुरुवात गेटवेपासून केली, कारण सगळे तिथूनच करतात. पण या वेळी समुद्राकडे पाठ करून भिंत पाहिली. तो पिवळसर दगडही ज्वालामुखीचाच, मालाडकडच्या खारोडीचा. पलीकडे म्युझियमच्या भिंतीत कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा फिकट पिवळा एकाशेजारी एक बसवलेत. उपनगरातल्या टेकड्या फोडल्या आणि फोर्टात उभ्या केल्या, असा सगळा मामला. नणंद भिंतीला हात लावत लावत चालली होती, तेव्हा वॉचमनने दोनदा वळून पाहिलं.

चौपाटीवरून मलबार हिल चढताना गुडघ्यांनी पहिली तक्रार केली. मग बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कुंडातलं पाणी गोडं. पुढे महालक्ष्मी, हाजी अली, वरळी. यातला हाजी अलीसमोरचा रस्ता म्हणजे मूळचा बांधच. हॉर्नबी गव्हर्नर असताना घातलेला, 1784 च्या सुमारास पुरा झालेला. भरतीचं पाणी शहराच्या पोटात शिरायचं, ते त्याने थांबवलं.

वरळीच्या टेकडीवर मला बेडूक शोधायचे होते. दगडातले. लाव्हाचा एक थर आला आणि निवला. त्यावर तळी साचली, त्यांत बेडूक-कासवं नांदली, आणि मग पुढचा थर येऊन सगळं झाकून गेला. त्या गाळाच्या खडकात बोटाच्या पेरांएवढाल्या बेडकांचे सांगाडे सापडले. 1847 साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन छापलं. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी दिला, तेच हे ओवेन. आम्हाला अर्थातच एकही बेडूक दिसला नाही. दिसले ते टॉवर आणि टॉवरच्या पार्किंगसाठी खणलेले खड्डे. "त्यांना खणताना सापडत असतील की," नणंद म्हणाली. "सापडले तरी बिल्डर सांगेल का?"

शनिवारी पूर्वेकडची कड धरली. शीवच्या किल्ल्यापासून खाली, अँटॉप हिलच्या कडेने, वडाळ्यावरून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत. शीव म्हणजे वेस. परळचं बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे आजच्या उपनगरांचं बेट, सुरू व्हायची. 'सायन' म्हणता म्हणता आपण ते विसरलो. शिवडीला ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी होते आणि त्यांच्या मागे अटल सेतू धुरकट होत समुद्रात गेलेला. पण मला खरा शोध लागला तो घरी परतताना. शिवडीहून परळकडे चालत निघालो तर रस्ता उतरतच राहिला. बसमधून हे कधी कळलं नव्हतं. पायांना कळलं, कारण दिवसभरात पहिल्यांदाच पोटऱ्या दुखायच्या थांबल्या.

शहराच्या दक्षिण भागात काळ्या दगडाच्या दोन कडा आहेत. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी, पूर्वेला डोंगरी-शिवडीकडून शीवपर्यंत. मधला सखल पट्टा म्हणजे पूर्वीच्या खाड्या आणि भराव. दोन्ही कडांचं पाणी उतरणार कुठे? माझ्या दारात. पस्तीस पावसाळे मी गॅलरीतून हिंदमाताचं पाणी पाहिलं, नालेसफाईला शिव्या घातल्या. त्या घालायच्याच. पण आपण परातीच्या तळाशी राहतो, हे मला त्या संध्याकाळी समजलं. भूगोलाच्या बाईंना!

रविवारी अंधेरी, म्हणजे गिल्बर्ट हिल. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून गल्ल्यागल्ल्यांतून जायचं. माझ्या सूचनापत्रातला 'उसाचा रसवाला' त्या दिवशी आलाच नव्हता, त्यामुळे आम्ही एकाच मशिदीवरून तीनदा गेलो. मग एका वळणावर समोरचं आकाश एकदम बंद झालं. सुमारे 61 मीटर उंच, काळीकभिन्न, सरळसोट. जवळ गेल्यावर दिसतं की ही भिंत एकसलग नाही. उभे खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, पेंढ्या उभ्या रचून ठेवाव्यात तसे. लाव्हाचा जाड साठा सावकाश निवला, निवताना आकसला, आकसताना तडकला. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून भेगा पडतात तोच प्रकार, फक्त चिखलाची भेग वीतभर जाते आणि ही पार तळापर्यंत गेली. मुंबईतल्या खडकांपैकी काही घाटावरच्या लाव्हाच्या मागाहून आलेले आहेत, वय सुमारे सहा कोटी वर्षं. खांबांच्या खोबणीत कबुतरं बसली होती आणि पायथ्याशी कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

इथला सगळा परिसर दगडासाठी फोडून नेला, हा एवढा सुळका राहिला. 2007 मध्ये त्याला वारसा यादीत जागा मिळाली. वर गावदेवीचं देऊळ आहे आणि खडकातच कोरलेल्या पायऱ्या आहेत. पायऱ्या उंच, माझ्यासारखीला कठड्याशिवाय नकोच. अर्ध्यात दम खायला बसलो तर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा उड्या मारत खाली येत होता.

"दर्शनाला आल्या काय?"

"दगड बघायला," मी म्हटलं.

तो थांबला. आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "दगड तर इथेच असतो," म्हणाला आणि गेला.

वरून चहूबाजूंनी इमारती दिसतात, विमानं उतरताना दिसतात. देवळाच्या अंगणात वारा होता. नणंदेने चपला काढून तळवे फरशीवर टेकवले आणि अर्धा तास उठायचं नाव घेतलं नाही. त्यामुळे महाकाली लेण्यांना पोचेपर्यंत उन्हं कलली. तिथलं काय लिहू? गोल झोपडीसारखी दगडी खोली, भिंतीला जाळी आणि आत स्तूप, एवढं आठवतं. बाकी पाय दुखत होते. रात्री बॅगही साडेअकराला आली, कारण चिरंजीव ती ऑफिसातच विसरून घरी आले होते. गुडघ्याचं मलम त्या बॅगेत.

सोमवारी सकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर पोचलो तर गेट बंद. सोमवारी उद्यान बंद असतं. माझ्या चार पानी सूचनांत पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या हेही होतं, हे नव्हतं. "वन्सं, तुम्ही तीस वर्षं बोरिवलीत राहता!" "मला वाटलं तुला माहीत असणार, तू बाई आहेस शाळेतली." मग मंडपेश्वरला जाऊन आलो. लेण्यात शंकर, वर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष. तिथून थेट घर आणि झोप.

कान्हेरी मंगळवारी झाली, आणि ती एकटी पाच दिवसांच्या मोलाची होती. गेटपासून सहा किलोमीटर आत. बस मिळते, आम्ही हट्टाने चाललो. इथला खडक गिल्बर्टसारखा एकजिनसी नाही, त्यात छोटे-मोठे तुकडे गच्च बसलेले दिसतात. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या दाराशी पाण्याचं टाकं. माथ्यावर पन्हळी खोदल्यात, पावसाचं पाणी त्यांतून वळून टाक्यात येतं. जानेवारीतही टाक्यांत पाणी होतं. इथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. कोणी पोढी दान दिली, कोणी बसायचा ओटा. असे ओटे लेण्यांबाहेर जागोजाग आहेत, भिंतीला लागून, अगदी टेकायच्या उंचीचे. आम्ही किमान सहांचा लाभ घेतला.

एका लहानशा, नाव नसलेल्या लेण्यात भिंतीवर तिरपं ऊन पडलं होतं आणि टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, एकेक घाव वेगळा दिसत होता. तिरके, बोटभर लांब, एका लयीत खालून वर गेलेले. मध्येच दिशा बदललेली, बहुधा हात भरून आल्यावर. मी बोटं फिरवली आणि हाताला ओळखीचं काहीतरी लागलं. पाटा! आमच्या लहानपणी गल्लीत टाकीवाली यायची. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, म्हणून ती छिन्नीने ठोकून तो खरखरीत करून द्यायची. पाट्यावर उठायच्या त्या बारीक टाच्या हुबेहूब अशाच. दगडही तोच. आईने पाट्यावर वाटलेल्या प्रत्येक चटणीत थोडासा लाव्हा गेला असणार. नणंद म्हणाली, "म्हणून तर चव होती."

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली. आम्ही जाऊन आलो, एवढंच सांगणारी. आज कोणी असं करेल तर दंड होईल.

परतीला मात्र बस घेतली.

कोणाला जायचं असेल तर: ऑक्टोबर उलटल्याशिवाय जाऊ नका. गिल्बर्ट हिलला सकाळी आठच्या आत पोचा. मलम बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवा. आमची घारापुरी राहिली आहे. तीही लाव्हाचीच, गेटवेहून लाँचने जायचं. या वेळी मी आधी चौकशी केली. तीसुद्धा सोमवारी बंद असते.