‘व्यक्ती’ या एका शब्दावर मिळालेला परवाना

ब्रिटनमध्ये परीक्षा देऊन डॉक्टरकीचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या बाई, एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांच्या जिद्दीपाशी थांबतात. मला त्यांच्या कागदपत्रांचं जास्त अप्रूप वाटतं. जिद्दीच्या बायका त्या काळी आणखीही होत्या. कुठल्या दाखल्यावर कुणाची सही चालते, हे एलिझाबेथइतकं नेमकं कुणी हेरलं नव्हतं.

१८५८ च्या मेडिकल ॲक्टनं ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. त्यात नाव चढवायला ब्रिटनमधल्याच मान्य संस्थेची पदवी किंवा परवाना लागे. परदेशी पदवी चालायची ती फक्त कायद्याच्या आधीपासून ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्यांची. एलिझाबेथ ब्लॅकवेल अमेरिकन पदवीवर या सवलतीतून नोंदल्या गेल्या, आणि पुढच्या बायकांसाठी ती वाट बंद झाली.

ऑगस्ट १८६० मध्ये एलिझाबेथ गॅरेट (अँडरसन हे लग्नानंतरचं आडनाव) लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये परिचारिका म्हणून शिरल्या. हळूहळू वॉर्डातल्या फेऱ्या, विच्छेदनाची खोली, रसायनशास्त्राची व्याख्यानं असं सगळं मिळू लागलं. १८६१ मध्ये राउंडवर डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकट्या त्यांनाच आलं. विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. १८६२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या सेनेटमध्ये बायकांना परीक्षेला बसू देण्यावर १० विरुद्ध १० मतं पडली. कुलपतींचं निर्णायक मत विरोधात गेलं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठानं नाव नोंदवून घेऊन नंतर रद्द केलं.

उरली सोसायटी ऑफ अपोथेकरीज, म्हणजे औषधं बनवून देणाऱ्या आणि रुग्णही तपासणाऱ्या अपोथेकरींची संस्था. तिचा परवाना, म्हणजे एल.एस.ए., डॉक्टरकीच्या उतरंडीत खालचा मानला जाई. पण नोंदवहीत नाव चढवायला तो पुरेसा होता. शिवाय सोसायटीच्या नियमांत ‘पुरुष’ नव्हता, ‘व्यक्ती’ होता. वकिलांचा सल्ला घेतल्यावर सोसायटीला कबूल करावं लागलं, की अटी पुऱ्या करणाऱ्याला नकार देता येणार नाही.

अटी अशा होत्या: अपोथेकरीकडे पाच वर्षांची उमेदवारी, मान्य शिक्षकांच्या ठरावीक व्याख्यानांचे दाखले, हॉस्पिटलातला अनुभव आणि मग परीक्षा. उमेदवारीसाठी मिडलसेक्सचेच अपोथेकरी जोशुआ प्लास्किट तयार झाले. व्याख्यानं कॉलेजातच ऐकली पाहिजेत असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. शिक्षक मान्य असला की झालं. म्हणून एकेका विषयाला एकेक शिक्षक गाठून खासगी शिकवणी लावायची आणि वर्गाच्या फीच्या कितीतरी पट मोजायचे. वडील न्यूसन गॅरेट धान्याचे आणि माल्टचे मोठे व्यापारी होते म्हणून हे निभावलं. ऐपत नसलेल्या मुलीला ही वाट नव्हतीच, हे विसरून चालणार नाही. सगळ्यांत अडलं शरीररचनेपाशी. विच्छेदन शिकवायला कुणी पटकन राजी होईना. हॉस्पिटलचा अनुभव त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये पुन्हा परिचारिका म्हणूनच मिळवला.

सगळे दाखले जमल्यावर सोसायटी पुन्हा कचरली. न्यूसन गॅरेट यांनी दावा लावण्याची धमकी दिल्यावर परीक्षेची तारीख मिळाली. २८ सप्टेंबर १८६५ ला परवाना हातात आला. सोसायटीनं त्यानंतर लवकरच नियम बदलला: खासगी शिकवणीचे दाखले बाद, मान्य वैद्यकीय शाळेतच शिक्षण हवं. आणि मान्य शाळा बायकांना घेत नव्हत्या.

१८६६ मध्ये सीमोर प्लेसवर बायका-मुलांसाठी त्यांचा दवाखाना उघडला. पहिल्याच वर्षी ३,००० नवे रुग्ण आणि त्यांच्या ९,३०० फेऱ्या. १८७० मध्ये फ्रेंचमधून परीक्षा देऊन, अर्धशिशीवर प्रबंध लिहून त्यांनी पॅरिसची एम.डी. मिळवली. ब्रिटिश नोंदवहीच्या लेखी मात्र त्या एल.एस.ए.च राहिल्या, कारण पॅरिस परदेश! १८७२ मध्ये दवाखान्याला खाटा जोडल्या आणि न्यू हॉस्पिटल फॉर विमेन उभं राहिलं.

डॉक्टर घडायला शाळा, खाटांचं हॉस्पिटल, परीक्षा घेणारं मंडळ आणि नोंदवही या चारही गोष्टी एका रांगेत लागतात. एलिझाबेथनी आपल्यापुरती त्यांची जुळवाजुळव केली होती. सर्वांसाठी ती व्हायला आणखी बारा वर्षं गेली. १८७४ मध्ये बायकांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकारानं लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू झालं, पण तिथं शिकून परीक्षा द्यायची कुठं? १८७६ च्या कायद्यानं परीक्षा मंडळांना बायकांना बसवण्याची मुभा दिली, सक्ती नव्हे. तेव्हा आधी आयर्लंडचं मंडळ पुढं आलं. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलनं आपले वॉर्ड या विद्यार्थिनींना खुले केले आणि रांग पुरी झाली.

१८८३ ते १९०३ एलिझाबेथ त्या स्कूलच्या डीन होत्या. आपल्या रखमाबाई १८८९ मध्ये तिथं दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांना दाखल्यांसाठी एकेका शिक्षकाचं दार वाजवावं लागलं नाही.