वाळवलेल्या द्रावकात पाणी कुठून आले?

गेल्या वर्षी मे महिन्यात, मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत, मी कोलीन क्लोराइड आणि युरिया यांच्या १:२ मिश्रणातून तांब्याच्या पत्र्यावर निकेलचा लेप चढवण्याचे काम हाती घेतले. ३०२ अंश सेल्सिअसला वितळणारे कोलीन क्लोराइड आणि १३३ अंशांना वितळणारा युरिया एकत्र तापवून ढवळले, की पाकासारखा स्वच्छ द्रव होतो आणि तो १२ अंशांपर्यंत गोठत नाही. लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मांडले. अशा मिश्रणांना डीप युटेक्टिक सॉल्व्हंट म्हणतात.

मे महिन्यातील व्होल्टामोग्राम, म्हणजे विभव (व्होल्टेज) बदलत नेताना वाहणाऱ्या प्रवाहाचे आलेख, नीट आले होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याच कृतीने केलेल्या द्रवात शिखर-प्रवाह वाढला, ऋण बाजूची मर्यादा, म्हणजे जिथे द्रव स्वतःच विघटित होऊ लागतो तो विभव, अलीकडे सरकली आणि पत्र्यावर काळपट, बोटाला लागणारी भुकटी जमू लागली. मी दोष इलेक्ट्रोडला दिला आणि ग्लासी कार्बनचा तो इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने घासण्यात चार दिवस घालवले. खरे म्हणजे प्रवाह वाढला तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण इलेक्ट्रोड मळला तर प्रवाह सहसा घटतो. हा द्रव २५ अंशांना पाण्याच्या शेकडो पट दाट, म्हणजे वाहायला जड, असतो. त्यात थोडे पाणी शिरले तरी दाटपणा झपाट्याने उतरतो, आयन मोकळे फिरू लागतात आणि आलेखावर सगळे सुधारल्यासारखे दिसते.

मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “कार्ल फिशर केलंस का?” ही द्रवातील पाणी मोजण्याची चाचणी. मी ती केली नव्हती. सिरिंजमध्ये द्रव घेऊन ती यंत्रात टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर तोलायची, आणि यंत्राने तयार केलेल्या आयोडीनवरून पाण्याचे प्रमाण काढायचे, एवढीच ती रीत. एक मिलिग्रॅम पाण्याला १०.७१ कूलोम विद्युतभार लागतो. आकडा आला ३.४ टक्के. कोलीन क्लोराइडची बाटली उघडून पाहिली, तर पावसाळ्यातल्या मिठासारखा त्याचा गोळा झाला होता.

ते इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवले आणि व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर दोन दिवस ठेवले. पुढे मिश्रण करतानाही तापमान फार चढवण्याचा मोह आवरला, कारण ते फार तापवले तर युरिया विघटित होऊन अमोनियाचा वास येऊ लागतो. इतके करूनही प्रयोग संपल्यावर सेलमधील द्रवात पाणी सापडलेच, आणि ते आम्हीच आत सोडत होतो. ऑक्सिजन घालवण्यासाठी आम्ही द्रवातून नायट्रोजन सोडतो. पाण्यातील प्रयोगांत सेल सुकू नये म्हणून तो वायू आधी पाण्याच्या बाटलीतून नेतात, आणि ती बाटली जोडणीत तशीच राहिली होती. २८ अंशांना पाण्याने संपृक्त झालेला एक लिटर वायू सुमारे २७ मिलिग्रॅम पाणी वाहतो. मिनिटाला १०० मिलिलिटर या गतीने अर्ध्या तासात ते ८० मिलिग्रॅमवर जाते, आणि माझ्या सेलमध्ये द्रव होता अवघा वीस मिलिलिटर.

तिसरी गोष्ट वहीत हिशेब मांडताना लक्षात आली. १०० मिलिलिटर द्रवासाठी मी ४.७५ ग्रॅम हिरवे निकेल क्लोराइड तोलत होते. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू असतात, म्हणजे नुसत्या क्षाराबरोबरच २.१६ ग्रॅम पाणी जात होते. वजनाने हे दोन टक्क्यांहून कमी भरते. पण कोलीन क्लोराइड एक घटक धरून रेणू मोजले, तर साधारण बारा रेणूंमागे एक पाण्याचा निघतो. ज्या मे महिन्यातील मोजमापांना मी ‘कोरडे’ समजून तुलनेचा पाया मानत होते, ती कधीच कोरडी नव्हती.

मग पिवळे निर्जल निकेल क्लोराइड मागवले. ते ७० अंशांवर ढवळूनही विरघळायला पूर्ण रात्र लागली. त्या द्रवात मोजून पाणी मिसळत गेले, तेव्हा चित्र उलगडले. थोडे पाणी क्लोराइड आणि युरिया यांच्याशी हायड्रोजन बंधांनी अडकलेले असते आणि फारसा त्रास देत नाही. ते वाढले आणि विभव अधिक ऋण झाले, की पाण्याचे क्षपण होऊन (ते इलेक्ट्रॉन घेऊन) हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, इलेक्ट्रोडलगत हायड्रॉक्साइड साचते आणि निकेलबरोबर निकेल हायड्रॉक्साइडही बसते. बोटाला लागत होती ती भुकटी हीच असावी, असे माझे मत आहे. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने (न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून रचना ओळखण्याच्या रीतीने) दाखवले, की वजनाने सुमारे ४२ टक्के पाणी असेपर्यंत या द्रवाची अंतर्गत रचना बव्हंशी टिकते. मी आधी त्या आकड्यावर विसंबून निर्धास्त होते. पण तो द्रवाच्या अंतर्भागाचा आकडा आहे, आणि लेप चढतो तो इलेक्ट्रोडलगतच्या पातळ थरात, जिथे पाण्याचे क्षपण कितीतरी आधी सुरू होते.

सगळी मोजमापे पुन्हा करायला सहा आठवडे लागले. आता नायट्रोजन सुकवणीच्या नळीतून जातो, आणि पाण्याचे प्रमाण प्रयोगाच्या आधी व नंतर असे दोनदा मोजून तक्त्यात लिहिते. मे महिन्यातील आकडे मी तक्त्यातून काढले नाहीत. त्यांच्यापुढे पाण्याच्या रकान्यात ‘मोजले नाही’ असे लिहिले आहे.