सतरा-सी आणि ७६ मतं

१० मार्च २०२२, गोवा विधानसभेची मतमोजणी. आठला टपाली मतं उघडली, अर्ध्या तासानंतर यंत्रं टेबलावर यायला लागली. मी पर्यवेक्षक. समोर मतं साठवणारं कंट्रोल युनिट आणि त्या केंद्राचा सतरा-सी, म्हणजे तिथे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, शेजारी साहाय्यक व सूक्ष्म निरीक्षक, जाळीपलीकडे उमेदवारांचे एजंट.

आधी युनिटचा आणि हिरव्या कागदी सीलचा क्रमांक सतरा-सीशी ताडून एजंटांना दाखवायचा. मग सील टोचून 'रिझल्ट' दाबायचं. पडद्यावर एकूण मतं येतात, पाठोपाठ एकेका उमेदवाराची. आकडे भराभर सरकतात. जाळीपलीकडे कुणाचं पेन अडलं की मी पुन्हा दाबते. कितीदाही दाबा, आकडा तोच. घाईत चुकीचा टिपला तर मात्र फेरीची बेरीज फसते.

मोठे घोळ इथे नाही, मतदान केंद्रावर होतात. सकाळी चाचणी मतदानात किमान ५० मतं टाकतात. ती 'क्लिअर' करायची राहिली की यंत्रातला आकडा सतरा-सीपेक्षा तेवढ्यानेच जास्त भरतो. संध्याकाळी 'क्लोज' दाबायचं राहिलं तर रिझल्ट निघतच नाही. अशा वेळी टेबलावर काहीही ठरवायचं नाही, यंत्र थेट निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे. आकडा न जुळलेल्या यंत्रातली मतं आघाडीपेक्षा जास्त असतील, तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मतामागे छापली जाणाऱ्या, चिठ्ठ्या मोजाव्या लागतात.

आणि आघाडी किती बारीक असू शकते! सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे वीरेश बोरकर भाजपच्या फ्रान्सिस सिल्वेरांपुढे ७६ मतांनी निघाले. ४०च्या सभागृहात बहुमत २१, भाजप २०वर थांबला. म्हणजे एका मतदारसंघात ३९ जणांचं बटण बदललं असतं, तर स्वबळाचं बहुमत होतं. ते महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे २ आणि ३ अपक्ष घेऊन जमवावं लागलं. सप्टेंबरात काँग्रेसच्या ११पैकी ८ आमदारांनी पक्ष बदलला, पक्षांतरबंदीतून सुटायची दोन तृतीयांशाची अट भागली आणि भाजप २८वर गेला. एकेका मतासाठी दिवसभर डोळे ताणणाऱ्यांच्या ते मनाला लागतंच.

फेऱ्या संपल्या की पडताळणीसाठी सोडतीने पाच केंद्रं काढतात. त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या उमेदवारनिहाय खणांत लावायच्या, पंचविसांचे गठ्ठे बांधायचे. चाचणीच्या चिठ्ठ्या सकाळीच काळ्या पाकिटात गेलेल्या असायला हव्यात. एखादी पेटीत राहिली, तर गठ्ठे दोनदा सोडून मोजावे लागतात.