मतांचा रिकामा रकाना

६ मे २०२४. दुसऱ्या दिवशी बारामतीसह राज्यातल्या ११ जागांचं मतदान, त्यामुळे डेस्कवर इतर कशाची शुद्ध कुणालाच नव्हती. परदेशाचं पान माझ्या गळ्यात, त्यातलंही अर्धं जाहिरातीने खाल्लेलं. मुख्य बातमी होती स्कॉटलंडच्या सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदाची.

चौकट मी आदल्या दिवशीच आखून ठेवली होती. उमेदवार, मतं, टक्के. २०२३ मध्ये हमजा युसुफ ५२.१ विरुद्ध केट फोर्ब्स ४७.९ अशी घासून लढत झाली होती, तशीच काहीतरी मजा येईल असा हिशेब. युसुफ यांनी २९ एप्रिलला राजीनामा जाहीर केला. फोर्ब्स मात्र २ मेलाच जॉन स्विनींना पाठिंबा देऊन मोकळ्या झाल्या. तरी ग्रेम मॅककॉर्मिक नावाचे एक कार्यकर्ते उभे राहणार होते. तेव्हा २० शाखांमधून १०० सदस्यांचं अनुमोदन लागायचं, ते जमल्याचं त्यांनी सांगितलं होतं. सोमवारी उठून बघतो तर स्विनींशी बोलणं होऊन त्यांचीही माघार!

तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले साडेचार. मुदत संपली. अर्ज एकच. मी मथळा टाकला, 'स्विनी बिनविरोध'.

वृत्तसंपादक मागे येऊन उभे राहिले. "मतं किती पडली?"

"मतदानच नाही झालं, सर."

"मग चौकट कशाला? आणि हा मॅककॉर्मिक उडव. लढलाच नाही तो."

इथे मी अडून बसलो. 'बिनविरोध' म्हटलं की आपला वाचक पहिल्यांदा विचारतो, बसवलं कुणाला? ग्रामपंचायतीपासूनची सवय आहे ती. त्याला उत्तर न देता नुसता मथळा कसा सोडायचा? शेवटी मॅककॉर्मिकना तीन ओळी मिळाल्या, त्याही स्विनींच्या परिचयाला कात्री लावून.

चौकटीची जागा मात्र मोकळीच. जुनं चाळताना सापडलं, की स्विनी २००० ते २००४ नेते होते आणि २००३ मध्ये बिल विल्सन या साध्या सदस्याने त्यांना आव्हान दिलं होतं. स्विनी ५७७, विल्सन १११. एवढं जिंकूनही पुढच्या वर्षी स्विनींना पद सोडावं लागलं. तेच आकडे चौकटीत भरले.

प्रूफ परत आलं तेव्हा '२००३'भोवती लाल गोल होता. बाजूला लिहिलेलं, '२०२४ हवं ना?'

मी 'बरोबर आहे' लिहिलं आणि पान सोडलं.