कामारपुकूर ते दक्षिणेश्वर : एका पुजाऱ्याच्या तीन माता

हावड्याहून सुटलेली गोघाटची लोकल तारकेश्वरला बरीचशी रिकामी होते आणि मग खिडकीशी जागा मिळून हुगळी जिल्ह्याचा तो सपाट, पाणथळ, भाताचा मुलूख डोळे भरून पाहता येतो. कार्तिक संपत आला होता. काही शेतांत कापणी झाली होती, काहींत पिवळी लोंबे अजून उभी होती, आणि दर दोन शेतांआड एक पुष्करिणी. गोघाटला उतरताच एका टोटोवाल्याने, म्हणजे ई-रिक्षावाल्याने, विचारले, "कामारपुकुर जाबेन, मा?" तो माणूस वयाने माझ्याहून निदान वीस वर्षांनी मोठा होता. आपल्याकडे अनोळखी बाईला ताई म्हणतात, मावशी म्हणतात. बंगालात मात्र म्हातारा माणूसही नातीच्या वयाच्या मुलीला सहज 'मा' म्हणून हाक मारतो. पुढच्या तीन दिवसांत ही हाक मी किती वेळा ऐकली याची गणती नाही. रामकृष्ण परमहंसांची गावे पाहायला मी निघाले होते आणि त्यांच्या साधनेची गुरुकिल्ली पहिल्याच पाच मिनिटांत एका टोटोवाल्याने माझ्या हातात ठेवली होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

कामारपुकूरला चटर्जींचे घर अजून जपलेले आहे. मातीच्या भिंती, शाकारलेले छप्पर, सारवलेले अंगण. १८ फेब्रुवारी १८३६ रोजी याच आवारात, ढेकीच्या पडवीत, गदाधरचा, म्हणजे पुढच्या रामकृष्णांचा, जन्म झाला. ढेकी म्हणजे भात कांडण्यासाठी पायाने चालवायची लाकडी तरफ. शेजारीच भात उकडण्याची चूल होती, आणि नुकतेच जन्मलेले मूल घरंगळून तिच्या राखेत गेले. सुईणपणाला आलेल्या धनी लोहारणीने राखेने माखलेले ते बाळ उचलून घेतले, असे सांगतात. त्या जागी आता दगडी मंदिर आहे. १९५१ साली रामकृष्ण मठाने ते बांधले. आतली संगमरवरी मूर्ती सुंदर आहे, तरी माझे पाय पुन्हा पुन्हा वळत होते ते त्या मातीच्या घराकडेच.

हे घर देवीभक्तांचे म्हणून ओळखले जात नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वडील क्षुदिराम रामभक्त होते. देरे गावच्या जमीनदाराच्या बाजूने खोटी साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला, त्यापायी घरदार आणि शेतजमीन गमावली, आणि एका मित्राच्या आश्रयाने ते या गावी आले. घरचे मुख्य दैवत रघुवीर, त्याच्याजवळ शीतलेचा घट. गदाधर सात वर्षांचा असताना, १८४३ मध्ये, वडील गेले. त्यानंतरचे त्याचे बालपण बहुतांशी बायकांच्या सहवासात गेले, आई चंद्रमणी, शेजारणी, गावातल्या सासुरवाशिणी. तो त्यांना गाणी म्हणून दाखवी, पुराणातल्या कथा सांगे, त्यांच्या नकला करी. मुंजीच्या वेळी पहिली भिक्षा मी धनीकडूनच घेणार, असा त्याने हट्ट धरला. ब्राह्मणाच्या मुलाने लोहारणीकडून भिक्षा घेणे घरच्यांना मान्य नव्हते. पण त्याने धनीला शब्द दिला होता आणि खोटे न बोलण्यासाठी वडिलांनी काय गमावले हे त्याला ठाऊक होते. अखेर घरच्यांनीच माघार घेतली. नऊ वर्षांच्या मुलाच्या या हट्टात मला पुढचा सगळा माणूस दिसतो. आई कोण हे ठरवताना तो जात पाहत नाही.

दुपारी त्याच टोटोने मी आनूडला गेले. कामारपुकूरपासून दोनेक मैलांवरचे हे गाव विशालाक्षीचे. त्या काळी देवीला छप्पर नव्हते, ती उघड्या माळावर असे आणि तिला वाहिलेले पैसे व मिठाई गुराखी पोरे खुशाल उचलून नेत. आठेक वर्षांचा गदाधर गावातल्या बायकांबरोबर नवस फेडायला या वाटेने निघाला, देवीची गाणी म्हणत असताना मध्येच ताठ झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्याचे भान हरपले. बायका घाबरल्या. कोणी पाणी शिंपडले, कोणी वारा घातला. अखेर प्रसन्न नावाच्या बाईला सुचले की, कदाचित देवीच याच्यात आली असावी; तिने विशालाक्षीचे नाव घ्यायला सांगितले, आणि नाव कानी पडताच पोर शुद्धीवर आले. बायकांनी देवीसाठी आणलेला नैवेद्य त्यालाच भरवला. ती वाट आता पक्की झाली आहे, तरी दोन्ही बाजूंना तीच शेते आहेत. टोटो थांबवून मी थोडे अंतर चालत गेले. मागून येणाऱ्या दोन बाया डोक्यावर भाताच्या पेंढ्या घेऊन मोठ्याने बोलत पुढे निघून गेल्या.

जयरामवाटीला मी जेमतेम दोन तास थांबले. ते सारदादेवींचे माहेर, बाँकुडा जिल्ह्यातले. १८५९ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या आणि गदाधर तेवीस वर्षांचा. तेरा वर्षांनी, नवऱ्याला वेड लागले आहे अशी गावभर कुजबुज चाललेली असताना, आपणच जाऊन पाहावे असे ठरवून त्या वडिलांबरोबर दक्षिणेश्वरला पायी निघाल्या. जवळजवळ शंभर किलोमीटरची वाट. मध्येच ताप चढला. त्या ग्लानीत एक काळीसावळी मुलगी उशाशी येऊन बसली आणि मायेने अंगावरून हात फिरवू लागली. कुठून आलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, दक्षिणेश्वरहून, मी तुझी बहीण. ही हकीकत सारदादेवींनी स्वतःच सांगितलेली आहे. तापातले स्वप्न म्हणून कोणी ती बाजूला सारील. मला मात्र ती सारता येत नाही, कारण आजारपणात उशाशी येऊन बसलेल्या हाताला भास म्हणणे मला जमत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी कोलकात्याच्या मेट्रोने दक्षिणेश्वरला पोहोचले. स्थानकातून निघणारा उंच पादचारी पूल दुकानांच्या रांगांमधून थेट मंदिराकडे नेतो. लाल जास्वंदीच्या माळा, पेढे, शंखाच्या बांगड्या, उदबत्त्या. मोबाईल आणि चपला ठेवून आत गेले, आणि फरसबंद चौकाच्या मधोमध ते नऊ शिखरांचे मंदिर समोर आले. पश्चिमेला गंगेच्या कडेने ओळीने बारा शिवमंदिरे, उत्तरेला राधाकांताचे मंदिर, आणि चौकाच्या वायव्य कोपऱ्यात ठाकुरांची, म्हणजे रामकृष्णांची, खोली.

हे मंदिर ज्या बाईने उभारले तिच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. जानबाजारची राणी रासमणी ही कैवर्त समाजातली श्रीमंत विधवा, कर्तबगार आणि करारी. कोळ्यांवर गंगेतल्या मासेमारीचा कर बसला तेव्हा तिने नदीचा पट्टा भाड्याने घेऊन साखळदंड आडवे टाकले, जहाजांची वाट अडवली आणि सरकारला कर मागे घ्यायला लावला. १८४७ मध्ये ती काशीयात्रेला निघण्याच्या तयारीत असताना देवीने स्वप्नात सांगितले की, काशीला जाऊ नकोस, इथेच गंगेकाठी माझी स्थापना कर. आठ वर्षे बांधकाम चालले. पण शूद्र मानल्या गेलेल्या बाईच्या देवळात अन्नाचा नैवेद्य दाखवायला पंडितांनी हरकत घेतली. कोलकात्यात झामापुकूरला पाठशाळा चालवणाऱ्या रामकुमारांनी, म्हणजे गदाधरच्या थोरल्या भावाने, तोड सुचवली. मंदिर एखाद्या ब्राह्मणाला दान द्यावे, मग दोष राहत नाही. ३१ मे १८५५ रोजी, स्नानयात्रेच्या दिवशी, प्रतिष्ठा झाली आणि पुजारी म्हणून रामकुमारच आले. एकोणीस वर्षांचा गदाधर त्या दिवशी इथे होता, मात्र तिथला प्रसाद न घेता बाजारातून पैशाचे मुरमुरे विकत घेऊन खाऊन तो झामापुकूरला परत गेला. पुढे राहायला आल्यावरही काही दिवस गंगेकाठी स्वतःचे अन्न स्वतः शिजवून खात असे. धनीच्या हातची भिक्षा घेणारा मुलगा इथे का अडला, हा प्रश्न मला बराच वेळ छळत होता. प्रेमाने तो जातीची रेघ ओलांडू शकत होता, नुसत्या युक्तिवादाने नाही, एवढेच मला सुचते. राणीच्या देवीवर त्याचे प्रेम अजून जडायचे होते.

रांग पुढे सरकत गेली आणि भवतारिणी, म्हणजे इथली काली, दिसली. मूर्ती लहान आहे, अडीच-तीन फुटांची, काळ्या पाषाणाची. चांदीच्या सहस्रदल कमळावर पांढरा शिव आडवा, त्याच्या छातीवर ती दक्षिणाभिमुख उभी. बनारसी वस्त्र, दागिने, जास्वंदीच्या माळा, आणि या सगळ्यांतून पुढे येणारे तिचे तीन डोळे. एका हातात खड्ग, एका हातात मुंडके, उरलेल्या दोन हातांनी अभय आणि वर. मला मिळाली ती फार तर अर्ध्या मिनिटाची वेळ. १८५६ मध्ये रामकुमार वारले आणि या मूर्तीची पूजा वीस वर्षांच्या गदाधरच्या हाती आली. केनाराम भट्टाचार्य यांच्याकडून त्याने शक्तिमंत्राची दीक्षा घेतली होती. कालीभक्त कवी रामप्रसादांची गाणी म्हणत तो तासन् तास मूर्तीपुढे बसे आणि रडे, की तू रामप्रसादाला दिसलीस, मग मला का दिसत नाहीस? संध्याकाळी दिवस मावळला की जमिनीवर लोळण घेई, आणखी एक दिवस फुकट गेला म्हणून. शेवटी तळमळ असह्य होऊन त्याने गाभाऱ्यातले देवीचे खड्ग उचलले, आणि त्या क्षणी घर, दार, मंदिर सगळे नाहीसे होऊन चैतन्याच्या उजेडाचा अमर्याद समुद्र लाटांवर लाटा घेऊन अंगावर आला, असे त्याने पुढे शिष्यांना सांगितले. शुद्धीवर येताना त्याच्या तोंडी एकच शब्द होता, मा.

त्यानंतरची त्याची पूजा शास्त्राच्या चौकटीत मावेना. नैवेद्याचा घास तो देवीच्या ओठांशी नेई, कधी आधी स्वतः चाखून मग तिला देई. मांजर आले तर देवीचा नैवेद्य त्यालाच भरवी, कारण त्या मांजरातही तीच होती. कारभाऱ्यांनी तक्रार केली. राणीचे जावई मथुरबाबू स्वतः पाहून गेले आणि त्यांनी त्याला कोणी अडवू नये अशी ताकीद दिली. एकदा राणी गाणे ऐकत बसली असताना मनात कोर्टातल्या दाव्याचा विचार करीत होती, तर या पुजाऱ्याने तिला चापट मारली. नोकरचाकर धावले, राणीने, चूक माझीच होती, असे सांगून त्यांना थांबवले. हा प्रसंग आठवला की माझे मन पुजाऱ्याआधी राणीकडे जाते. इतके वैभव हाताशी असताना एवढे खरे बोलायला तिच्याजवळ बळ होते.

चौकातून उत्तरेला पंचवटी आहे. वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक ही पाच झाडे साधनेसाठी इथे राखलेली. १८६१ मध्ये भैरवी ब्राह्मणी नावाची संन्यासिनी नावेतून या घाटावर उतरली आणि तिने त्याच्याकडून तंत्रमार्गाच्या सगळ्या साधना करवून घेतल्या. त्याची पहिली मोठी गुरू ही एक स्त्री होती, आणि त्या अवघड वाटेवरही त्याने मद्याला स्पर्श केला नाही की स्त्रीला आईखेरीज दुसऱ्या भावाने पाहिले नाही. नंतर तोतापुरी आले, निर्गुणाचे कडवे उपासक. कुठल्याही गावी तीन दिवसांहून अधिक न राहणारा हा साधू इथे अकरा महिने राहिला. पोटाच्या विकाराने हैराण होऊन एका रात्री देह टाकायला ते गंगेत उतरले, चालत चालत दूर गेले, पण बुडण्याइतके पाणीच लागेना. आणि त्या अंधारात त्यांनाही सगळीकडे तीच, जगन्माता, दिसली, असे सांगतात. मी घाटावर बसले तेव्हा भरती होती. पाणी पायऱ्यांवर चढत होते आणि समोरून बेलूरला जाणारी होडी माणसे भरून निघाली होती.

ठाकुरांच्या खोलीत दोन खाटा आहेत, भिंतींवर देवतांच्या तसबिरी आहेत. लोक भिंतीला टेकून गप्प बसतात, मीही बसले. १८७२ मध्ये सारदादेवी तापाने फणफणलेल्या इथे पोहोचल्या. पुढे एके दिवशी नवऱ्याचे पाय चेपताना त्यांनी विचारले, की मी तुमची कोण? उत्तर मिळाले, की जी माता मंदिरात आहे, जिने या देहाला जन्म दिला आणि जी आता नौबतखान्यात राहते, तीच या क्षणी माझे पाय चेपते आहे. मग फलहारिणी कालीपूजेच्या रात्री, अमावास्येच्या अंधारात, याच खोलीत त्यांनी सारदादेवींना देवीच्या पाटावर बसवले, षोडशी म्हणून त्यांची यथासांग पूजा केली आणि आपली जपमाळ व आजवरच्या सगळ्या साधनेचे फळ त्यांच्या पायांवर ठेवले. काळ्या पाषाणापुढे सुरू झालेली पूजा इथे, एका अठरा वर्षांच्या खेडवळ मुलीपुढे, पुरी झाली. त्या उत्तरातली प्रत्येक जागा मी मुद्दाम पावलांनी मोजत चालले. मंदिर, खोली, नौबतखाना, तिन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

नौबतखान्यात मी सर्वांत शेवटी गेले. सनई-चौघड्यासाठी बांधलेली ती अष्टकोनी, दुमजली इमारत. वर चंद्रमणी राहत, गंगेकडे पाहत म्हातारपण काढत, खाली सारदादेवी. खालची खोली सुमारे पन्नास चौरस फुटांची. स्वयंपाकाचे सामान, शिंकी, पाण्याचे माठ, ठाकुरांसाठी जिवंत ठेवलेले मासे, आणि कधी कधी रात्री मुक्कामाला राहिलेल्या बायका, सगळे एवढ्यातच. पहाटे तीनला उठून त्या अंधारातच स्नान उरकत, कारण दिवसभर कोणाच्या दृष्टीस पडायचे नसे; बाहेरच्या पडवीला बांबूच्या तट्ट्या होत्या, त्यांच्या भोकांतून त्या खोलीतले कीर्तन पाहत. जिची देवी म्हणून पूजा झाली तिच्या वाट्याला एवढीशीच जागा का आली, हे मला बोचत राहिले. त्या स्वतः मात्र ते दिवस आनंदाने भरलेले होते असे सांगत. त्यांचा शब्द मी मानते, तरी बोच गेलेली नाही.

दार फार बुटके आहे; सुरुवातीला येता-जाता त्यांचे डोके चौकटीवर आपटत असे. आता तिथे त्यांची तसबीर आहे, समोर फुले. मंदिरात आरतीची घंटा सुरू झाली होती. मी उंबरठ्याशी वाकले, डोके टेकवले, आणि उठताना मागून कोणाचा तरी तळहात माझ्या कपाळ आणि चौकटीच्या मध्ये आला. मागे पांढऱ्या साडीतली एक आजी उभी होती. "माथा, मा," ती हळूच म्हणाली, "माथा शाबधाने."