तुम्ही विचारलंत म्हणून: लोणचं विकतचं का?

पुरणपोळी घरची, भाजणी घरची, गोडा मसालासुद्धा स्वतः भाजते, मग लोणचं तेवढं विकतचं का? पाहुणे विचारतात, सोसायटीतल्या बायका विचारतात, नणंद तर दर मे महिन्यात विचारते. इतके दिवस मी 'वेळ होत नाही' म्हणत आले. चकलीची भाजणी करायला जिला वेळ आहे तिच्या तोंडी हे शोभत नाही, कळतं मला.

येत नाही असंही नाही. कैऱ्या धुऊन पुसायच्या, बाजारात अडकित्त्याने फोडून आणल्या तर फोडी घरी परत पुसून पसरायच्या. फोडींच्या पावपट मीठ, तेही भाजून. मोहरीची डाळ, तळलेली मेथी, हळद, हिंग, तिखट. बरणीला हिंगाची धुरी. तेल कडकडीत तापवून पार गार झाल्यावर ओतायचं, फोडींवर बोटभर राहील इतकं. वर दादरा. हे सगळं आजीने शिकवलं आणि त्यातलं अक्षरही चुकीचं नाही.

तिचा आणखी एक नियम होता. चार दिवस बरणीला शिवायचं नाही. तो तुम्हाला मी सांगायला नको.

मी आठवीत होते, सांगलीला. श्रावणात मोठी बरणी उघडली तर वर पांढरा बुरा. आजीने आरडाओरडा केला नाही. आई, काकू, आत्या, सगळ्यांना माजघरात बोलावलं आणि मला म्हणाली, "शिवलीस?" शिवले होते. छोटी बरणी संपली होती, म्हणून भाताबरोबर एक फोड काढली होती. डाव कोरडा होता, हेही सांगितलं. डावाचं कोण विचारत होतं! भाऊ, चुलतभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. परसात गड्याकडून खड्डा खणवला, सगळं लोणचं त्यात ओतलं, आणि ते होईपर्यंत मला तिथे उभं केलं. बाकी कुणी बघायला आलं नाही, आई सोडून. त्या वर्षी आजोबांच्या रक्तदाबापायी लोणच्यातलं मीठ निम्म्यावर आणलं होतं. मोजलं होतं आईनेच. तिला ठाऊक होतं. पदराला हात पुसत ती माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही.

बुरशीला हवा आणि ओल लागते. मीठ कमी पडलं, फोडी तेलाच्या वर आल्या, की ती धरते. हात कुणाचा होता ते तिला कळत नाही. हे आजीला कुणी सांगायचं? पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की अशा बाईच्या स्पर्शाने नवी वाइन आंबते. 1920 साली व्हिएन्नाच्या बेला शिक या डॉक्टरने मोलकरणीच्या हातात फुलं कोमेजली म्हणून पाळीत बाईच्या अंगात विष असतं असं मांडलं. डॉक्टरने! मग चौथी शिकलेल्या आजीवर किती रागवायचं? रागवते, तरीही. आणि बायकांना तेवढीच विश्रांती मिळायची, हे मला ऐकवू नका. आमच्याकडे त्या चार दिवसांत पडवीत बसून गहू निवडायचे असत.

नोकरी लागल्यावर मी मुद्दाम त्याच दिवसांत लोणचं घातलं. वर्षभर उत्तम टिकलं. दाखवणार कुणाला? आजी तोवर गेली होती. आईला वाढलं, तिने मिटक्या मारत खाल्लं आणि म्हणाली, "आजीचा हात आलाय तुला." त्यानंतर मी लोणचं घातलेलं नाही.

त्या वयातल्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, लोणचं कशाला घातलंस, आईलाच सरळ का नाही विचारलंस? पण तिने तरी काय सांगितलं असतं? मी नाही तर ती, दोघींपैकी एकीवर येणारच होतं. संसाराला पंधरा वर्षं होऊनही तिला तोंड उघडता येत नव्हतं. हे समजून घ्यावं असं मलाही वाटतं. रोज नाही वाटत.

गेल्या मे महिन्यात लेक म्हणाली, मला शिकव. कैऱ्या आणल्या, पुसल्या, ती बरणी उचलायला गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, तुझी..."

"माझी काय?"

"मीठ भाजलंस का?" म्हटलं.

बरणी ती पुण्याला घेऊन गेली. आमच्याकडे विकतचंच असतं.