शनिवारचे दोन तास

आठवीतल्या त्या मुलाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी परत जायची. पालकसभा संपल्यावर त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. "मॅडम, पोरगं शाळेत पाणीच पीत नाही. डॉक्टरांनी लघवीला जंतुसंसर्ग झालाय म्हणून सांगितलंय." वर्गशिक्षिका मीच होते. लक्ष ठेवते म्हटलं, पण कशावर लक्ष ठेवायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते माहीत होतं आमच्या शिपाईमामांना. "मधल्या सुट्टीत ते पोरगं मुतारीकडं फिरकतच न्हाई मॅडम. तास सुरू झाला की पळत येतंय. सुट्टीत गेलं तर नववीतली पोरं दार अडवून हुभी राहत्यात, आन पोरींच्यात जा म्हणत्यात." मामा हे जूनपासून बघत होते. मग सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "इचारलंच न्हाई की कुणी."

ही साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेतली, २०२२ सालची गोष्ट. मुलगा ओळखू येईल असं काही मी लिहिणार नाही. तो कसा चालायचा, कसा बोलायचा, तेही नाही. त्रास देणाऱ्यांनी तेवढंच पाहिलं होतं, आपण पुन्हा तेच कशाला पाहायचं?

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन बजावलं, याला कुणी बायल्या म्हणायचं नाही. तोपर्यंत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही संध्याकाळपर्यंत कळलं. पोरगं चार दिवस शाळेत आलं नाही. मी घरी गेले तेव्हा आई चहा ठेवायला आत गेल्यावर ते खाली बघत एवढंच बोललं, "मॅडम, तुम्ही माझं नाव घ्यायला नको होतं."

वीस वर्षं शिकवत होते मी. अशा वेळी काय बोलावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी शिकून घेतलं नव्हतं. आमच्या साऱ्या शाळेचीच ही गत असणार, हे त्या दिवशी घरी परतताना लक्षात आलं.

या विषयावर शिक्षकांचं प्रशिक्षण घेऊ या म्हटल्यावर मुख्याध्यापकांचं पहिलं उत्तर होतं, "आपल्याकडे तसली मुलं नाहीत." त्यांना पालकांची, पेपरात काही छापून येण्याची धास्ती होती. माणूस वाईट नाही, घाबरलेला होता. मी साहित्य शोधायला लागले. शाळांची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी ट्रान्सजेंडर मुलांच्या, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्या मुलांच्या, समावेशाबद्दल प्रशिक्षण साहित्य तयार केलं होतं, पण आक्षेप आले आणि काही दिवसांतच ते संकेतस्थळावरून काढलं गेलं. शेवटी पुण्यातल्या एक समुपदेशक ताई यायला तयार झाल्या. त्याच वर्षी सरकारने शाळांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितली होती. आमची समिती कागदावर होती, तिच्याच बैठकीत मी हा विषय मांडला. आडवळणाने नाही, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलं म्हणजे कोण आणि त्यांना आपल्या शाळेत काय सोसावं लागतं, हे स्पष्ट बोलले. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यातलं कलम १३ वाचून दाखवलं. सरकारमान्य शाळेने या मुलांना भेदभाव न करता शिक्षण आणि खेळाची संधी द्यायची आहे, असं ते सांगतं.

कलमाने कुणी फारसं हललं नाही. हलवलं ते आमच्या संस्थेच्या एका जुन्या सदस्यांनी. ऐंशीच्या घरातले, लहानपणी साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकलेले. ते म्हणाले, "कर्मवीरअण्णांनी सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, तवा पण लोक म्हणत होतेच, ह्ये काय नवीन काढलं. पंगतीतनं कुणाला उठवायचं न्हाई, एवढं मला कळतं." दोन शनिवार मिळाले, सकाळची शाळा सुटल्यावर दोन-दोन तास. मी एकच हट्ट धरला, लिपिक, प्रयोगशाळेतले परिचर आणि शिपाई सगळे बसतील.

पहिला शनिवार फुकट गेला. पडद्यावर एलजीबीटी ही इंग्रजी अक्षरं आली, एल म्हणजे हे, जी म्हणजे ते. काहींनी परीक्षा असल्यासारखं लिहून घेतलं, काहींनी मोबाइल काढला. "हे सगळं आता मुलांना शिकवायचं का?" एका सरांनी विचारलं. एसटीची वेळ झाली म्हणून निम्मे जण उठून गेले. रात्री ताईंचा फोन आला, "आपण उलट्या टोकाकडून सुरुवात केली. तुमच्या शाळेत काय ऐकू येतं, तिथून सुरू करू."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. शाळेत मुलांना कोणत्या शब्दाने चिडवलेलं ऐकलंय ते लिहा, स्वतःचं नाव नको. आमच्या मराठीच्या ज्येष्ठ बाईंनी त्या एकेक उघडून वाचल्या. बायल्या. बायल्या. छक्का. बायल्या. हिजडा. केस कापलेल्या एका मुलीला 'भाऊ'. बाईंचा आवाज मध्येच बारीक झाला. मग ताईंनी विचारलं, यातला एखादा शब्द आपल्यापैकी कुणी वापरलाय का? कुणीच हललं नाही. बऱ्याच वेळाने पीटीच्या सरांनी हात वर केला. "मी. कवायतीत हात ढिले दिसले की तोंडातून जातोच." कुणी हसलं नाही. आमचं प्रशिक्षण खरं म्हणजे त्या क्षणी सुरू झालं.

ताईंनी त्यांना झोडलं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं आणि शिक्षकाचा टोमणाही छळच ठरू शकतो, एवढं सांगितलं. मग जोड्या केल्या. एकाने व्हरांड्यात चिडवणारा मुलगा व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक. आमची पहिली उत्तरं ठरलेली होती: "ए, गप बसा रे", "चेष्टा करतायत, मनावर घेऊ नकोस", आणि सगळ्यात घातक, "तूच जरा मुलासारखा वाग ना." हा सल्ला आमच्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी दिलेला होता.

घासूनपुसून आमचं एक वाक्य तयार झालं. "हा शब्द या शाळेत चालत नाही. सुट्टीत मला भेट." हे बोलायचं चिडवणाऱ्याकडे बघून. ज्याला चिडवलं त्याच्याकडे त्या वेळी बघायचं नाही, कारण शिक्षक बघतो तिकडे सगळा वर्ग बघतो. माझी चूक नेमकी काय झाली होती ते मला तेव्हा उमगलं. त्या मुलाशी नंतर, एकट्याशी बोलायचं, आणि "तू तसा आहेस का?" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. छळ थांबवण्यासाठी मूल कोण आहे हे कळावंच लागत नाही. सगळ्यांनी ते वाक्य मोठ्याने दहा-दहा वेळा म्हटलं. पीटीच्या सरांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

खरा वाद झाला तो पुढे. मुलाने स्वतःहून विश्वासाने काही सांगितलं तर? गणिताचे सर म्हणाले, "पालकांपासून लपवायचं? उद्या अंगाशी आलं तर?" ताईंनी त्यावर बराच वेळ दिला. घरी कळल्यावर मार खाल्लेली, शाळा सुटलेली, देवरुषाकडे नेलेली मुलं त्यांनी पाहिली होती. म्हणून मुलाला विचारल्याशिवाय घरी बोलायचं नाही. पण मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर ते गुपित राहत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच्या भरवशाच्या मोठ्या माणसाला लगेच सोबत घ्यायचं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये साठवले. लैंगिक अत्याचार झाला असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिथे आपली मर्जी चालत नाही. नुसतं कुणाविषयी आकर्षण वाटणं या दोन्हींत बसत नाही. तो आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. हे ऐकल्यावर आमच्या एका सहकारी बाई म्हणाल्या, "मी मागच्या वर्षी एका आईला डॉक्टरचा पत्ता दिला होता." आणि पदर डोळ्याला लावला.

नंतरची कामं साधी होती. एक नोंदवही सुरू केली: तारीख, जागा, काय घडलं, कोणी थांबवलं. ज्याला त्रास झाला त्याच्याबद्दल त्यात रकाना नाही. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या वर्गातल्या फक्त दोन. बाकी सगळ्या मुतारी आणि सायकल स्टँडच्या मागच्या. म्हणून सुट्टीतली ड्युटी व्हरांड्यातून हलवून तिकडे नेली, मामांची खुर्चीही तिकडेच ठेवली. नववीतल्या मुलांच्या पालकांना बोलावलं तेव्हा विषय दार अडवण्याचाच ठेवला, कुणाचं दार आणि का, हे काढलंच नाही.

दोन सहकाऱ्यांना हे अजूनही पटलेलं नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवला नाही. तुमचं मत तुमच्याजवळ, वाक्य तेवढं बोला, असं सांगितलं, आणि ते बोलतात. त्यांचं मन बदलेल तेव्हा बदलेल, पोराला लघवीला आजच्या सुट्टीत जायचं असतं.

तो मुलगा पुढे दहावीपर्यंत आमच्याकडेच शिकला. त्याने मला काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या गेटवर व्हॅनवाले काका थांबले होते. त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवलं असावं. म्हणाले, "मॅडम, आमच्या गाडीत बी चालतंय त्ये. मागच्या सीटवर. आमाला बी सांगा की काय बोलायचं." शाळेच्या पाच व्हॅन आहेत. येत्या शनिवारी अकरा वाजता पाचही काकांना बोलावलंय.